बाळंतिणीची खिडकी

६ एप्रिल

आज मी भर उन्हात उभी राहून ‘दुपारी बारा ते चार उन्हात फिरू नका’ असं छापलेली पोस्टरं चिकटवली. तेव्हा दुपारचा एक वाजला होता. खळ लावल्या लावल्या वाळत होती, तेवढाच काय तो फायदा. आमच्या आशा सेविका यशोदाबाई स्टूल धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “मॅडम, हे वाचायला कोन येनार? लोकं तर घरात बसल्यात.” मला इतकं हसू आलं की पोस्टर तिरकं लागलं. ते तसंच राहू दिलं.

मी टाकळवाडीच्या उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी. पदाचं नाव भारदस्त असलं तरी गावात मी नुसती ‘मॅडम’. नवरा देवव्रत आणि सासर नाशिकला, इंदिरानगरात. मी नांदगावात भाड्याच्या खोलीवर राहते, तिथून रोज स्कूटीनं गावात येते आणि शनिवारी मनमाडहून गाडी पकडून घरी जाते. परवा देवव्रत फोनवर म्हणाला, “तुझ्या तक्रारी ऐकायला मी एकटा पुरत नाही गं, लिहून ठेवत जा.” म्हणून ही डायरी. पहिली तक्रार देवव्रतबद्दलच आहे, पण ती उद्या लिहीन. आज डोळे मिटतायत.

८ एप्रिल

उन्हाळ्याच्या आजारांचं प्रशिक्षण झालं. सुरू होताच वीज गेली. उष्माघाताची माहितीपत्रकं मात्र चांगल्या जाड कागदाची होती, वारा घालायला फार उपयोगी पडली. गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ही बाळं यांना उन्हाचा त्रास सगळ्यात आधी होतो, घरोघर जाऊन सांगा, असं साहेबांनी सांगितलं. एका आशाताईनं विचारलं, “आणि सर, घरोघर जानाऱ्यांनी काय करायचं?” साहेब म्हणाले, “चांगला प्रश्न आहे.” मग चहा आला.

परत येताना इतकी झोप आली की स्कूटी रस्त्याकडेला लावली आणि लिंबाखाली बसून चक्क डुलकी काढली. एका मेंढपाळानं उठवलं. हे ऊन माणसाकडून काय काय करवून घेईल, सांगता येत नाही.

११ एप्रिल

तेजस्विनीला बघून आले. पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. दिवस भरत आलेत. पाय थोडे सुजलेत, बाकी सगळं ठीक. मुलगी गोड आहे. तिची आई लंकाबाई मात्र खमकी. मी अंगणात पाऊल टाकलं की त्यांचा चेहरा, झाडू नको म्हटल्यावर मुद्दाम अंगण झाडणाऱ्या माणसासारखा होतो.

पण हात सढळ. लेकीसाठी कैऱ्या कापून मीठ-तिखट लावून ठेवल्या होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त मी संपवल्या. मला एरवी आंबट चालत नाही, दात आंबतात. लंकाबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, “मॅडम, लेकरं किती तुम्हाला?” मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी उठून आणखी एक कैरी कापून आणली.

मग त्यांनी मोठ्या अभिमानानं बाळंतिणीची खोली दाखवली. वर पत्रा. एकुलती एक खिडकी, तिच्यावर आतून गोधडी ठोकलेली, फटींत चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली शेगडी. कोपऱ्यात गोवऱ्या, धुरीसाठी ओवा आणि बाळंतशेपा. सव्वा महिना तेजस्विनी आणि बाळ इथेच राहणार.

“मावशी, बाहेर त्रेचाळीस तापमान आहे,” मी म्हटलं.

“ते भायेर. बाळंतिनीच्या हाडात थंडी आसती. वारा लागला म्हंजे जन्माचं दुखनं.”

“इथे हवाच नाही, वारा कुठून लागणार?”

“तेच तर,” लंकाबाई म्हणाल्या.

पण मी सोडणार नाही. ती खिडकी उघडून घेतल्याशिवाय नावाची सुमेधा नाही.

१५ एप्रिल

तेजस्विनीला मुलगी झाली! ग्रामीण रुग्णालयात, व्यवस्थित. वजन तीन किलोला थोडं कमी. तिचा भाऊ गोरक्ष उपकेंद्रात बर्फी घेऊन आला. मुलगी झाली म्हणून बर्फी वाटणारा भाऊ बघून बरं वाटलं, म्हणून तीन तुकडे खाल्ले, आणि तिन्ही लगेच बाहेर आले. या उन्हात खवा टिकत नाहीच. गोरक्षला सांगितलं, बर्फी कुणाला देऊ नकोस, खराब झालीय. यशोदाबाईंनी दोन तुकडे खाल्ले होते, त्यांना काही झालं नाही. त्यांचं पोट फार मजबूत आहे.

१७ एप्रिल

आई आणि बाळ घरी आलेत. यशोदाबाईंबरोबर भेटीला गेले. दार लोटलं तर आतून भट्टी उघडल्यासारखी धग आली. बाजेखाली निखारे. तेजस्विनीच्या डोक्याला आणि कानांना रुमाल, अंगात स्वेटर. बाळाला टोपडं, झबलं, दोन दुपटी आणि वर गोधडी. मला त्या गाठोड्यात बाळ शोधावं लागलं. नाक तेवढं दिसत होतं, लालबुंद.

मी सगळं सांगितलं. तान्ह्या बाळाला घाम फारसा येत नाही, त्याला ऊन सोसत नाही. एक पातळ सुती झबलं पुरे. सारखं अंगावर पाजा, वरचं पाणी नको, आईच्या दुधातच पाणी असतं. आणि त्यासाठी आईनं भरपूर पाणी प्यायचं.

“भरपूर?” लंकाबाईंनी कपाळाला हात लावला. “पोट सुटंल की तिचं! मी वाटीवाटीनं देते, उकळून.”

वाटाघाटी झाल्या. एक दुपटं कमी झालं. खिडकी जिथल्या तिथे. तेजस्विनी हळूच म्हणाली, “मॅडम, लय तहान लागती हो.” मग मी बीपीच्या मशिनच्या पिशवीतून माझी पाण्याची बाटली काढून तिच्या उशाखाली सरकवली. यशोदाबाईंनी त्यांचीही दिली. दोघी चोरासारख्या बाहेर आलो.

मला स्वतःला त्या बाटलीची तशी गरज नसतेच. फेरीवर मी पाणी पीतच नाही. प्यायल्यावर जायचं कुठे? उपकेंद्राच्या संडासाला पाणी नाही, आणि कुणाच्या घरी विचारायचं म्हणजे लाज वाटते. यशोदाबाईंचंही तेच. आम्ही दोघी गावभर ‘पाणी प्या, पाणी प्या’ करत कोरड्या घशानं फिरतो. सवय झालीय.

एक फजिती झाली. लंकाबाईंनी शेपाची धुरी टाकली तेव्हा त्या वासानं मी घरामागे पळाले आणि सगळं ओकले. वळून बघते तर लंकाबाई आणि यशोदाबाई एकमेकींकडे बघून हसतायत. शहरातल्या बाईला धूर सोसत नाही, हसणारच. मला थोडा राग आला.

१९ एप्रिल

रविवार. इंदिरानगर. कूलरसमोर दिवसभर झोपले. सासूबाईंनी सब्जाचं सरबत पाजलं. सासरे शामसुंदरराव पेपरातून मान वर करून म्हणाले, “सूनबाई, बदली मागून घे. माणसं सांभाळता सांभाळता तूच आडवी होशील.” मी म्हटलं, मे महिना काढला की झालं.

देवव्रत मला मनमाडपर्यंत सोडायला निघाला होता, मीच नको म्हटलं. त्यानं हळूच विचारलं, “एकदा डॉक्टरांना दाखवूया का? तू फार थकलेली दिसतेस.” मला माहीत आहे तो कशाबद्दल घाबरत घाबरत विचारतो. दोन वर्षं आम्ही तारखा मोजल्या. दर महिन्याला ती पट्टी, दर महिन्याला एकच रेघ, मग मी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. फेब्रुवारीत ठरवलं, बास. आता मोजायचं नाही, विषयही काढायचा नाही. आणि खरंच, तेव्हापासून किती हलकं वाटतंय! मी ते सगळं पार विसरूनच गेलेय. आज बॅग आवरताना दिसलं, मागच्या महिन्यात घेतलेलं पॅडचं पाकीट अजून फोडलेलंच नाही. उन्हानं शरीराचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. मी बायकांना नेहमी सांगते, आता स्वतःच अनुभवतेय.

गाडीत एका बाळाच्या टाळूचा वास आला आणि उगीचच डोळे भरून आले. थकवा, दुसरं काय.

२३ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. काल मी पेशंट होते.

दुपारी उपकेंद्रात तेजस्विनीचा फोन आला. कुजबुजत होती. “मॅडम, बाळ सकाळपासनं दूध ओढत नाय. अंग लय तापलंय. लंगोट पन सुकाच हाय. आई म्हनती, नजर लागली.” इतक्या लहान बाळाला ताप, दूध नाही, लघवी नाही, यातलं एक जरी असलं तरी थांबायचं नसतं, इथे तिन्ही होती. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या गावाहून निघणार होती. यशोदाबाईंना मागे बसवलं आणि स्कूटी काढली. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, पाणी नव्हतं, पण तेव्हा ते आठवलं नाही.

खोलीत धूर भरलेला. बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला, ताप एकशे एकच्या वर. बाळ रडतसुद्धा नव्हतं, नुसतं पडलेलं. त्याची मला फार भीती वाटली. मी ओरडले, “शेगडी बाहेर काढा! दुपटी सोडा! खिडकी उघडा!” लंकाबाई खिडकीपुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. “वारा लागून लेकराचं काय झालं तर कोन जबाबदार?”

“मी,” मी म्हटलं. त्यापुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तर मी बाजेवर. डोकं ओलं, गळा ओला. खोलीत लख्ख उजेड होता. गोधडी खिळ्यांसकट उचकटून अंगणात पडलेली, दार सताड उघडं, खिडकीवर ओलं लुगडं टांगलेलं आणि त्यातून चांगला गार वारा येत होता. लंकाबाई एका हातानं मला सुपानं वारा घालत होत्या आणि तोंडानं शिव्या. “मरायला आली व्हती का हितं? उपाशी! पानी न पिता! मानूस हाय का कोन हाय!”

मी मान वळवली. समोर भिंतीला टेकून तेजस्विनी बसलेली. तिच्या मांडीवर बाळ, अंगावर फक्त लंगोट. आणि बाळ पीत होतं. चुटुचुटू आवाज येत होता. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं तेवढ्यात यशोदाबाईंनी त्याची गुंडाळी सोडली होती, ओल्या फडक्यानं अंग पुसलं होतं आणि तेजस्विनीला तांब्याभर पाणी पाजलं होतं. लंकाबाईंनी खिडकी उघडली ती माझ्यासाठी, नातीसाठी नाही. पण वाऱ्याला कुठे तेवढं कळतं!

ॲम्ब्युलन्स आली. बाळ पीत असलं तरी दवाखान्यात दाखवायलाच हवं होतं. तेजस्विनी, बाळ आणि मी, एकाच गाडीत तीन पेशंट. लंकाबाई माझ्या पायाशी बसल्या. वाटेत एकदम म्हणाल्या, “माझी पहिली पन पोरगीच व्हती. पौषात झाली. आमच्या घराला दार नव्हतं तवा, पोतं लावलं व्हतं. तिसऱ्या रातीला गारठून गेली. तवापासनं मला वाऱ्याचं भ्या वाटतं.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, पदर नुसता हातात धरून ठेवला. मी इतके दिवस त्यांना हटवादी म्हणत होते. मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टर यशश्री मॅडमनी बाळाला तपासलं, रक्त घेतलं. म्हणाल्या, अंगातलं पाणी कमी झालंय, आणखी काही तास तसंच राहिलं असतं तर कठीण होतं. सारखं पाजायला लावलं. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. मग वॉर्डात आरडाओरडा झाला म्हणून बघते तर लंकाबाई ओला लंगोट हातात घेऊन नाचवतायत. “मुतली! मुतली माझी बाई!” सगळा वॉर्ड हसत होता. मी सलाइन लावलेल्या हातानं टाळ्या वाजवल्या आणि नर्सची बोलणी खाल्ली.

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, काही नाही मॅडम, ऊन लागलं. तरी त्यांनी लघवी तपासायला पाठवली. मी हुज्जत घातली, मी याच खात्यातली आहे, मला माहीत आहे, ओकारी, झोप, चक्कर, सगळी उन्हाचीच लक्षणं आहेत. त्या पट्टी घेऊन आल्या आणि माझ्या बाजूला बसल्या.

“सुमेधा, हे ऊन नाही.”

दोन रेघा होत्या. इतक्या बायकांना मी ही पट्टी दाखवलीय, पण मला तिचा अर्थ लागेना. मी विचारलं, “ही कुणाची?” डॉक्टर हसल्या. मग मी जी रडायला लागले ती थांबेना. लंकाबाई म्हणाल्या, “रडते काय येडी? आमाला तर कैरीच्या दिसालाच कळलं व्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सोता मॅडम! म्हनलं ठावं आसंल, सांगायला लाजत आसशील.”

यशोदाबाई खाली बघत होत्या. त्यांनाही माहीत होतं. टाकळवाडीत ही बातमी मला सोडून सगळ्यांना माहीत होती!

देवव्रतला फोन केला. त्यानं “मी निघालो” एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. आनंद झाला की नाही हेसुद्धा सांगितलं नाही. पण स्टेशनवरून थेट आला तो पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून.

२५ एप्रिल

सोनोग्राफी झाली. सगळं ठीक आहे. दोन दिवस सक्तीची विश्रांती, मग सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच फिरायचं. डॉक्टरांनी तसं वरही कळवलंय, फक्त माझ्यासाठी नाही, आशाताईंसाठीही. वरून काय उत्तर येईल कुणास ठाऊक. यशोदाबाई उत्तराची वाट बघणार नाहीत, त्यांनी उद्यापासूनच सकाळी सहाला निघायचं ठरवलंय.

आज त्या माझी नोंदणी करायला खोलीवर आल्या. मुद्दाम माझ्याच सुरात विचारलं, “शेवटची पाळी कधी आली होती, ताई? नीट आठवून सांगा.” मला सांगता येईना. मार्चची सुरुवात, एवढंच. या प्रश्नावर मी आजवर किती बायकांना झापलंय! यशोदाबाई अजिबात रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. “पोस्टर लावलं त्याच्या आधी का नंतर? होळीच्या आधी का नंतर?” असं करत करत तारीख काढली. हेच मी कुणासाठी कधी केलं नव्हतं. शिकले.

२७ एप्रिल

आज बाळाचं बारसं झालं. नाव ठेवलं इरा. तेजस्विनीनं निवडलं. लंकाबाईंना ते फार छोटं वाटतंय, हाक मारायच्या आधीच संपतं म्हणतात.

पाळणा त्याच खोलीत बांधला होता. खिडकी उघडी, पत्र्यावर उसाचं पाचट पसरून पाणी मारलेलं, दाराला ओलं लुगडं. टोपडं मात्र इराच्या डोक्यावर होतंच, पातळ मलमलीचं. तेवढ्यावर आमचा समेट झालाय. वजन केलं, जन्मापेक्षा थोडं वाढलंय. तेजस्विनीच्या उशाशी आता राजरोस तांब्या असतो. जमलेल्या बायकांना लंकाबाई स्वतः सांगत होत्या, “उन्हाळ्यात कोंडायचं नाय बरं का बाळंतिनीला. माझ्या नातीचं काय झालं व्हतं, इचारा.” जणू ही गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली. आणखी एक हुकूम त्यांनी सोडला. मॅडम आणि यशोदा फेरीवर असताना कुणाच्याही घरचा संडास वापरतील, कुणी तोंड वाकडं करायचं नाही. आज मी तीन तांबे पाणी प्यायले आणि तीन घरं बघून आले. एकीकडे तर चहाही मिळाला.

निघताना लंकाबाईंनी मला पाटावर बसवलं आणि ओटी भरली. नारळ, तांदूळ, हिरवा खण. मी म्हटलं, “मावशी, एवढ्यात कशाला? अजून तीन महिनेसुद्धा झाले नाहीत.” खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. दोन वर्षं मी एकाही चांगल्या गोष्टीचा पुढचा विचार केला नाही. लंकाबाईंनी ऐकलं नाही. बोटांवर महिने मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

“म्हंजे डिसेंबरात व्हनार तू?”

“हो. तसंच काहीतरी.”

“नाशकाला?”

“हो.”

“मंग ऐक. तवा थंडी मरनाची आसती. तवा मी येनार, आनि खिडकी मी लावनार. गोधडी मी शिवते आत्तापासनं. तवा तुझं काय ऐकायची नाय मी. हाय का कबूल?”

“शेगडी नाही हां, बंद खोलीत धूर नको,” मी म्हटलं.

“बरं, शेगडी नाय. पन खिडकी माझी.”

देवव्रत अंगणात इराला घेऊन उभा होता. बाळ धरायची त्याला सवय नाही, श्वास रोखून उभा होता. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, कबूल कर म्हणून.

आणि मग मी ज्या गोष्टीला घाबरत होते तीच करून बसले. मला ते सगळं दिसलं. इंदिरानगरची आमची मागची खोली, बाहेर धुकं, खिडकी घट्ट लावलेली, लंकाबाई आणि सासूबाई भांडतायत, आणि गोधडीत कुणीतरी आहे.

“कबूल,” मी म्हटलं. “डिसेंबरात या.”